परवा मास्तरांची तारीख

आमच्या ह्यांना अख्खा रस्ता 'परवा मास्तर' म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीत आमचं शिवणाचं दुकान. गिऱ्हाईक दारात दिसलं की मान वर न करता हे म्हणणार, "झालंच आहे, फक्त काज-बटण राहिलंय. परवा या." कापड तेव्हा पिशवीतून बाहेरसुद्धा आलेलं नसायचं. चाळीस वर्षांत ह्यांनी वेळेवर शिवलेला कपडा मी एकच पाहिला, आमच्या लग्नातला त्यांचा स्वतःचा कोट. त्याच्याही एका बाहीला अस्तर नव्हतं.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी सुईत दोरा जाईना, म्हणून मी रोज सकाळी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायला लागले. मग एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दोन बोटं आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करावं लागेल, उजव्यापासून सुरुवात करू, यादीत नाव घाला. नंबर मिळाला एकशे सत्त्याऐंशी.

त्या दिवसापासून मी एक चोरटा उद्योग सुरू केला. दुपारी जेवून हे तासभर आडवे झाले की त्यांनी सकाळी घातलेल्या शिवणी मी उसवायची आणि पुन्हा सरळ घालायची. त्यांच्या घोरण्यापुढे मशीनचा आवाज कुणाला ऐकू जातोय! पण जीव सारखा मुठीत असायचा. तुमची शिवण वाकडी जाते हे कुणी त्यांना सांगितलं असतं ना, तर त्यांनी कात्री जी खाली ठेवली असती ती पुन्हा उचललीच नसती. आणि त्या माणसाला दुसरं येतंय काय? चहा टाकायला सांगा, पातेलं जाळून ठेवतील.

चार महिने झाले तरी बोलावणं येईना, तेव्हा मी हॉस्पिटलात फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला. वीस मिनिटं नुसती बासरी ऐकवली. मग एक बाई बोलल्या, "तुमचे कागद तयारच आहेत, फक्त सरांची सही राहिलीय. मंगळवारी फोन करा."

फोन ठेवला तर हे पोट धरून हसतायत. "अगं, हे तर आपलं काज-बटण! आणि मंगळवार म्हणाली ना? मंगळवार म्हणजे पिशवीची गाठही सुटलेली नाही. शनिवार म्हणाली असती तर थोडीफार आशा होती."

मंगळवारी फोन केला. नंबर एकशे एक्याण्णव झाला होता. मधे तातडीचे पेशंट आले, असं त्या बाई म्हणाल्या.

"मागे जाणारा नंबर!" हे कपाळावर हात मारून म्हणाले. "चाळीस वर्षांत हे मला कसं सुचलं नाही?"

माझं पित्त खवळलं. "डोळे चाललेत तुमचे! आणि तुम्ही त्यांना शाबासकी कसली देताय?"

 ह्यांनी टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "माझ्याकडे कपडा कुणाला मिळतो माहितीये? भांडतो त्याला नाही, त्याला मी मुद्दाम आठवडा वाढवतो. फोन करतो त्याला तर मुळीच नाही. जो येतो आणि स्टुलावर मुकाट बसून राहतो त्याला. माणूस समोर बसला की हात आपोआप चालायला लागतात. चल, आपण बसू."

बसलो. चार नंबरच्या खिडकीसमोर, जमिनीला स्क्रूने पक्क्या बसवलेल्या खुर्च्यांवर. मी डबा घेऊन जायची, हे मापाची पट्टी गळ्यात घालूनच यायचे, सवयच ती. पहिले दोन दिवस खिडकीत कुणी दुसरंच होतं. आमचा कागद घ्यायचे, बघायचे, परत द्यायचे. शेजारच्या माणसाच्या शर्टाची कॉलर चुकलीय हे मात्र ह्यांना त्या डोळ्यांनीही दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी खिडकीत फोनवरच्या त्या बाई होत्या. आवाज लगेच ओळखू आला. कागद न बघताच म्हणाल्या, "सही राहिलीय फक्त. परवा या."

"ताई," हे म्हणाले, "परवा मी म्हणतो. तुम्ही दुसरं काहीतरी शोधा."

बाईंनी डोकं खिडकीतून बाहेर काढलं. गळ्यातली पट्टी बघितली. "मास्तर? परवा मास्तर? अहो, माझा कोट! चार महिने झाले! इथे एसीत कुडकुडतेय मी!"

मी मनात म्हटलं, संपलं, आता नंबर थेट पाचशे! ह्यांनी सवयीने तोंड उघडलं, "झालंच आहे ताई, फक्त काज..." आणि तिथेच थांबले. पट्टी गळ्यातून काढून हातात गुंडाळायला लागले.

"नाही ताई. अजून कापलेलाच नाही. काळं कापड, काळा दोरा. मला दिसत नाही हो. कापड चांगलं आहे, चुकीचं कापीन अशी भीती वाटते."

इतक्या महिन्यांत ही भीती त्यांनी माझ्याजवळसुद्धा बोलून दाखवली नव्हती. मला तिथे, सगळ्यांसमोर, रडूच आलं.

 बाईंनी रजिस्टर ओढलं, बोटाने ओळी मोजल्या. "मास्तर, मीही खरं सांगते. सही-बिही काही राहिलेलं नाही. ऑपरेशनचं मशीन दीड महिना बंद होतं, आणि तेवढं सांगितलं की लोक अंगावर येतात. तुमचा नंबर अकरा आठवड्यांनी येईल, गुरुवारी. मधे कुणाच्या पुढे मी तुम्हाला घुसवणार नाही. त्यांनाही दिसत नाहीच आहे."

"अकरा आठवडे? नक्की?"

"नक्की."

बाहेर आल्यावर ह्यांचा चेहरा काय खुलला होता! "अगं, तारीख दिली! खरी तारीख!" वाटेत तीन अनोळखी माणसांना सांगितलं.

आणि मग एक भलतंच सुरू झालं. हे गिऱ्हाइकांना खरं सांगायला लागले. "अजून हात लावलेला नाही. पाच आठवडे लागतील." लोक घाबरले. एक जण मला बाजूला घेऊन विचारतो, "काकू, मास्तरांची तब्येत बरी आहे ना?"

अकरा आठवड्यांनी, गुरुवारीच, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी त्यांनी मला न्याहाळलं. "बरीच पिकलीस गं."

"तुमच्याच सुया ओवून," मी म्हटलं.

डॉक्टरांनी आठवडाभर आराम सांगितला होता. पण घरी आल्या आल्या स्वारी थेट दुकानात. टांगलेली एक पँट काढली, उलटी केली, शिवण उजेडात धरली. 

"ही शिवण कुणाची?"

"तुमचीच. आणखी कुणाची असणार?"

"मी शेवटी उलटे टाके तीन घेतो. इथे दोन आहेत." दुसरी पँट काढली. मग एक शर्ट. मग आणखी एक. सगळीकडे दोन. हे मटकन स्टुलावर बसले, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर.

सात महिने मी ज्याला भीत होते ते समोर आलं होतं.  कात्री टेबलावरच होती, तिच्याकडे ते बघत होते.

"दुपारी ना?" शेवटी विचारलं.

मी मान हलवली.

"आणि सात महिन्यांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं."

उठले. हॉस्पिटलातल्या बाईंची पिशवी काढली, गाठ सोडली, काळं कापड टेबलावर पसरलं आणि खडूने आखायला लागले. "आठवडा झाला की कापायला मी घेतो. शिवण तू घाल. पण चोरून नाही, माझ्यासमोर बसून." मग आखता आखताच म्हणाले, "आणि शेवटी उलटे टाके तीन घ्यायचे. दोन घेऊन दुकानाचं नाव घालवू नकोस."

तीनच घेतले. कोट मी स्वतः चार नंबरच्या खिडकीत नेऊन दिला, ह्यांनी सांगितलेल्या शनिवारी. बाईंनी तिथल्या तिथे अंगात घातला, आणि मग ह्यांच्या डाव्या डोळ्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली.