चादरीखालचे फिंच

फिंचची मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, तेव्हा ती जगेल की मरेल हे मला कळेना, आणि कुणाला विचारावं तेही कळेना. जोडी आणून जेमतेम दोन आठवडे होत आले होते. चिमणीहून लहान, लाल चोचीची पाखरं. मला घरात विरंगुळा म्हणून यांनीच दापोडीहून आणून दिली होती.

पहिला आठवडा बरा गेला. यांची फर्स्ट शिफ्ट होती. पाखरं दिवसभर उड्या मारायची, राळे टिपायची. मग थर्ड शिफ्ट लागली. हे सकाळी आठला चाकणहून कंपनीच्या बसने यायचे आणि झोपायचे. आमची खोली एकच. पहिल्याच दिवशी किलबिलाटाने त्यांना झोप लागेना.

"अगं, यांचं तोंड बंद कर की!" पांघरुणातूनच म्हणाले.

मी पिंजऱ्यावर जाड चादर टाकली. दोघं लगेच गप्प. थर्ड शिफ्टला मी खिडकीला पडदा लावते, टीव्ही बंद ठेवते, भांडी दुपारनंतर घासते. त्यात एक चादर वाढली. चारला हे उठले की काढायची, दिवेलागणीला थंडी म्हणून पुन्हा टाकायची, ती थेट दुसऱ्या दिवशी चारपर्यंत. गप्प आहेत म्हणजे सुखात आहेत, असं मी धरून चालले. मी स्वतःही गप्पच असते, म्हणून असेल.

पाचव्या दिवशी मादी तळाशी. वाटीत राळे भरलेले, पाणी ताजं. हे म्हणाले, थंडी बाधली असेल, अजून एक चादर टाक. मी टाकली. मग काढली. मग परत टाकली.

शेवटी हे झोपल्यावर पिंजरा घेऊन गॅलरीत येऊन उभी राहिले. शेजारच्या काकूंशी मी आजवर 'जेवलात का' याच्यापुढे बोलले नव्हते. त्याच बाहेर आल्या.

"काय गं, काय झालं?"

मी जमेल तसं सांगितलं. चादरीचंही.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! नवऱ्याबरोबर पाखरांनाही थर्ड शिफ्ट लावलीस? अंधारात ती खाणार कशी? तुझा नवरा डबा तरी घेऊन जातो!"

चादर काढावी तर यांची झोप होणार नाही, आणि तसेच पेंगत मशीनवर उभे राहणार. न काढावी तर ही जाणार.

"काकू," मी म्हणाले. "दिवसा... तुमच्याकडे..."

"आण इकडे." त्यांनी पिंजरा माझ्या हातातून घेतला आणि आपल्या खिडकीत उन्हात टांगला.

मग रोज सकाळी नेऊन द्यायची, चारला आणायची. तिसऱ्या दिवशी आणायला गेले तर मादी वरच्या दांडीवर बसून दाणा सोलत होती.

"आज राहू दे गं इथंच," काकू म्हणाल्या. "आत्ता कुठं खायला लागलीय."

मी बरं म्हटलं आणि रिकाम्या हाताने घरी आले.

हे उठून बसले होते. "पाखरं कुठायत?"

"काकूंकडे."

"कधी आणायची?"

पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, त्यात हे उशिरापर्यंत झोपतात. मग फर्स्ट. मग पुन्हा थर्ड. मी बोटांवर आठवडे मोजले, दोनदा मोजले, पण पाखरं आता आमची म्हणायची की काकूंची, ते काही त्यातून निघेना.