गाडीखालचा पेपर

कांबळे मिस्त्री पहिल्यांदा आमच्या बाळकुमच्या सोसायटीत आले तेव्हा त्यांनी गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मी बॉनेट उघडायला पुढे झाले, तर हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "राहू दे बाई. आधी गाडी उभी राहते ती जागा दाखवा." मला गाडी दहा फूट पुढे घ्यायला लावली, मग स्वतः उकिडवे बसून त्यांनी फरशीवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण पार्किंगच्या फरशीचा वास घेणारा माणूस तोवर पाहिला नव्हता. "मालक खोटं बोलतो," उठताना ते म्हणाले, "जमीन नाही बोलत."

गाडी आमच्या ह्यांची. लांबलचक, काळी, जर्मन. आमच्याकडे आली तेव्हाच ती बारा वर्षांची होती आणि दोन मालक करून आली होती. हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. साहेबांची तसली गाडी रोज गेटमधून आत जाताना बघायचे. निवृत्त झाल्यावर नातेवाइकांनी वेड्यात काढलं तरी त्यांनी ती घेतलीच, आणि पुरतं दीड वर्षही चालवायला मिळालं नाही. एका सकाळी चहा प्यायला उठले आणि खुर्चीतच गेले. माझी मुलगी मृणाल तेराव्यापासूनच मागे लागली, "आई, विक ती गाडी. तुझ्याच्याने नाही सांभाळणार." मला छोटी गाडी चालवायची सवय होती, ही मोठी होती एवढंच. पण खरं कारण वेगळं होतं. त्या गाडीच्या दारावर तीन बटणं आहेत. एक नंबरचं दाबलं की ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकायची, थोडी खाली बसायची आणि ह्यांच्या मापाची व्हायची. दोन नंबरचं दाबलं की माझ्या. मी गाडीतून उतरताना एक नंबर दाबून मग दार लावत असे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

कांबळे कल्याण पूर्वेला राहायचे आणि गॅरेज कोपरीला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्यापुढे रोज एक ताजं फूल. स्कूटरवरून भिवंडीमार्गे यायचे, तेव्हा बाळकुम त्यांच्या वाटेवरच. म्हणून आमचा परिपाठ ठरला. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी मी गाडीखाली वर्तमानपत्राची पानं पसरायची, रविवारी गाडी हलवायची नाही, आणि सोमवारी सकाळी कांबळे येऊन ती पानं बाहेर ओढायचे. "पेपर वाचायला आलोय," असं वॉचमनला सांगत आत शिरायचे. काळा डाग म्हणजे इंजिनचं ऑईल, लालसर म्हणजे स्टीअरिंगचं, हिरवा म्हणजे कूलंट, आणि नुसता ओला असेल तर एसीचं पाणी, त्याची काळजी नाही. मी बाजूला उभी राहून शिकत असे. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेली बाई मी, आणि म्हातारपणी हा पेपर वाचायला शिकले.

शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. "बाई, लोखंड दगा देत नाही. दगा देतं ते रबर आणि प्लास्टिक," हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. रबराचा पाईप कसा तपासायचा? "शेवग्याची शेंग घेताना पिळून बघता ना? तसा पिळा. कडकडला तर बदला." इंजिन ऑईलची पट्टी गाडी थंड असताना कशी पाहायची, टायर झिजला नसला तरी जुना झाला की का टाकायचा, गरम असताना कूलंटचं झाकण का उघडायचं नाही, सगळं त्यांनी माझ्या हातून करून घेतलं. दिव्यांचा धडा तर पाठच करून घेतला. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर कुठला ना कुठला दिवा लागलेलाच असतो. "पिवळा दिवा म्हणजे सवडीने या. लाल दिवा म्हणजे जिथे असाल तिथे थांबा. मग पोरीचं लग्न असो, नाहीतर कोणाची मयत." मी मान डोलवली की ते म्हणायचे, "मान नको, तोंडाने बोला." मी तोंडाने म्हणायची.

एकदा कोपरीच्या गॅरेजमध्ये बॅटरी बदलायची होती. जुनी काढण्याआधी त्यांनी दुसरी एक बॅटरी वायरने जोडून ठेवली आणि मग हळूच जुनी सोडवली. एवढा खटाटोप कशाला, म्हणून मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता नट आवळत म्हणाले, "करंट तुटला की गाडी सगळं विसरते, बाई. घड्याळ, रेडिओ विसरली तर चालतं. साहेबांची सीट नको विसरायला." ह्या माणसाला ते कधी कळलं होतं, कोण जाणे. कदाचित दर वेळी गाडीत बसताना त्यांना सीट मागे सरकलेली मिळत असेल. त्या दिवशी घरी परतताना मला रस्ता नीट दिसेना म्हणून मी कोपरीच्या पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिले.

चारेक वर्षं अशी गेली. मग एक काळ असा आला की आमचा पेपर सलग तीन महिने कोरा निघाला. एक ठिपका नाही. मी खूष. कांबळे मात्र पान उजेडात धरून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एवढी जुनी गाडी आणि एवढा कोरा पेपर? एसीचं पाणीपण नाही? माझेच डोळे कमी पडायला लागले वाटतं."

"असं का म्हणता? मी नीट सांभाळते म्हणा की," मी म्हणाले.

"तेपण खरंय," ते हसले. "बाईंचा हात बसला आता."

त्याच आठवड्यात मृणालच्या सासरी, कल्याणला, साखरपुडा होता. मृणाल आणि सात वर्षांची नात ईरा माझ्याकडे राहायला आल्या होत्या. साखरपुड्याला सगळ्यांना आजीच्या गाडीतून न्यायचं, असं मीच मिरवत कबूल केलं होतं. दोन दिवस आधी भाजी आणायला गेले, तर वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. ब्रेकचा. वळण संपलं, विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. कांबळेंना फोन करायला हवा होता. पण फोन केला असता तर त्यांनी गाडी ठेवून घेतली असती, आणि मृणाल म्हणाली असती, "बघ, मी सांगत होते ना?" पेपर तर सोमवारीच कोरा निघाला होता. मी स्वतःची समजूत घातली की हॅण्डब्रेक पुरता खाली गेला नसेल.

कल्याणच्या खाडीपुलाचा उतार उतरताना माझा पाय ब्रेकवर गेला आणि पेडल सरळ तळाला टेकलं. पुढे एक टेम्पो उभा होता. तेव्हा माझ्या डोक्यात माझा आवाज नव्हता, कांबळेंचा होता: पाय पुन्हा पुन्हा मारा, गिअर खाली घ्या, हॅण्डब्रेक हळूहळू ओढा. मी तसंच केलं. गाडी कडेच्या रेतीच्या ढिगात घुसून थांबली. कोणाला खरचटलंही नाही. ईरा मात्र इतकी रडली की तिला उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून कोपरीला नेली. गॅरेजमध्ये आणखी तीन-चार गिऱ्हाईकं होती. मृणाल माझ्या शेजारी उभी होती, हाताची घडी घालून. माझी भीती अजून उतरली नव्हती, आणि घाबरलेली मास्तरीण फार वाईट बोलते. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "कांबळे, डोळ्यांना दिसत नसेल तर तसं सांगायचं. माझी नात होती गाडीत."

त्यांनी मागच्या चाकाशी वाकून पाईप बघितला, त्याला चीर होती. ब्रेक ऑईलच्या बाटलीत ऑईल भरलं, मला चावी फिरवायला सांगितली. मग त्या बाटलीचं झाकण नुसतं वर उचललं, डॅशबोर्डकडे पाहिलं, झाकण पुन्हा लावलं. आणि मला विचारलं, "बाई, ब्रेक जायच्या आधी लाल दिवा लागलेला का? एक-दोन दिवस?"

मृणाल माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

कांबळे हात पुसत म्हणाले, "मग चूक माझीच. पेपर मीच वाचलेला."

पाईप त्यांनी बदलून दिला. पण मी त्यानंतर कोपरीला गेले नाही. घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या गॅरेजमध्ये जाऊ लागले, तिथे एसीत बसवून कॉफी देतात आणि गाडी काचेपलीकडून दाखवतात. एकदा कोपरीवरून जाताना पाहिलं, तर कांबळेंच्या गॅरेजला कुलूप. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, "मिस्त्रीचे डोळे गेले ना. कोणा बाईच्या गाडीचे ब्रेक फेल झाले त्यांच्याकडून. मग गिऱ्हाईक तुटलं हळूहळू." ती बाई त्याच्या पुढ्यात उभी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी पान न खाणारी बाई, एक मसाला पान बांधून घेतलं आणि निघाले.

जी गाडी राखायला मी खोटं बोलले, ती कांबळेंशिवाय राहिली नाहीच. काचेच्या गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली तेव्हा गाडी सगळं विसरली. एक नंबरचं बटण दाबलं तर सीट जागची हलेना. पुढच्या महिन्यात मी ती विकली. ट्रकवर चढवून गाडी गेटबाहेर गेली आणि आमचे वॉचमन रामसुरत, पंधरा वर्षं इथे असलेले, माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "चला मॅडम, आता पेपरचा टेन्शन नाही."

"कसलं टेन्शन?"

"नवीन सेक्रेटरी ओरडायचा ना, पार्किंगमध्ये तेलाचा घाण पेपर कशाला म्हणून. मग सोमवारी सकाळी तो राउंडला यायच्या आधी मी खराब पेपर काढायचा, माझा साफवाला टाकायचा. तुम्हाला पण बरं वाटायचं, साफ जागा." ते मनापासून हसत होते. त्यांच्या घरी हिंदी पेपर येतो, माझ्याकडे मराठी. ते तीन महिने मी आणि कांबळे रामसुरतचा पेपर वाचत होतो, आणि अक्षरांकडे आमच्यापैकी एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. आमची नजर फक्त डागांवर असायची.

त्या आठवड्यात मी कल्याणला गेले. कांबळेंना दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पेपर बदललेला होता, हे एक. आणि दिवा लागला होता, हे दुसरं. दुसरी सांगायला जीभ वळेल की नाही, ह्याची रिक्षात बसल्या बसल्या उजळणी करत होते. "मान नको, तोंडाने बोला." चाळीतलं दार कांबळेवहिनींनी उघडलं. आत भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी कांबळेंचा फोटो होता. जाऊन चार महिने झाले होते. हार्ट, वहिनी म्हणाल्या. आमच्या ह्यांच्यासारखंच.

मी बसले, पाणी प्यायले, आणि सांगायचं ते त्यांना सांगितलं. "वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले. लाल दिवा लागला होता. दोन दिवस लागत होता."

"माहितीये," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ह्याचाच मला जास्त त्रास झाला. "त्यांनी झाकण उचलून बघितलेलं ना. ऑईल कमी झालं की दिवा लावणारं बटण त्या झाकणालाच असतं म्हणे. झाकण वर केल्याबरोबर दिवा लागला, म्हणजे दिवा चांगला होता. मग तो आधीपण लागलाच असणार. मी म्हटलं, मग सांगा की लोकांना, गिऱ्हाईक का घालवता? तर म्हणाले, बाईंची मुलगी उभी होती तिथं. मुलीसमोर आईला खोटं पाडू काय?"

मृणालला मी हे अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की पहिली प्रत तिलाच वाचायला देणार आहे.

"दिव्याचं त्यांनी मनावर नाही घेतलं," वहिनी पुढे म्हणाल्या. "त्यांना खात होता तो पेपर. कोरा कसा निघाला, कोरा कसा निघाला, सारखं तेच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा गेले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, नंबर वाढलाय नुसता. पण त्यांना पटेना. म्हणायचे, मला पेपर दिसला नाही, आता मी कोणाच्या गाडीला हात लावू? स्वतःच शटर ओढलं."

मग मी रामसुरतची गोष्ट सांगितली. नवीन सेक्रेटरी, सोमवारची सकाळ, साफ पेपर. वहिनींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग खुर्चीतून उठल्या, पदराने फोटोची काच पुसली, आणि जरा मोठ्याने, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारून सांगावं तशा म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पेपर दुसराच होता. डोळे चांगले होते तुमचे."

मी त्यांच्या मागे उभी होते. मला फोटोकडे वर बघवलं नाही.