मनोहरची दोन सीटांची गाडी

एका उघड्या इंजिनाभोवती दर रविवारी तेच तीन म्हातारे उभे राहिले की किस्से साचणारच. घरी सांगायला गेलं तर बायको म्हणते, पुन्हा त्या गाडीचं? म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही निदान उठून तरी जाणार नाही.

आम्ही तिघं शाळेपासूनचे दोस्त. मनोहर सरकारी कचेरीतून रिटायर झालेला. आनंद मेश्राम खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर होता. आणि मी, नागपूरच्या सदरमध्ये स्टेशनरीचं दुकान चालवून चालवून चिडका झालेला. गाडी मनोहरची. जुनी स्पोर्ट्स कार, लाल रंग, कापडाचं छत. मेकॅनिककडे न्यायची नाही, सगळं आपणच करायचं, हा त्याचा हट्ट. त्यानं इंजिन उघडलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, बारीक कामं आधी सुटतील. मनोहरनं ऐकून घेतलं. आम्हाला एवढंच म्हणाला, की हात चालतो आहे तोवर हे इंजिन मी माझ्या हातानं बसवणार.

आता पहिल्यापासून सांगतो.

* * *

गाडी लकडगंजमधल्या एका लाकडाच्या गोदामात पडून होती. ओढत घरी आणली तर आत भुसाच भुसा! सीटखाली भुसा, डॅशबोर्डमागे भुसा, सायलेन्सरमध्येसुद्धा भुसा. झाडता झाडता आमच्या कंबरा मोडल्या.

मनोहरची बायको, वसुधावहिनी, दारात उभी राहून सगळं बघत होती. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दोनच सीटा काहून जी?"

मनोहर म्हणाला, स्पोर्ट्स कार अशीच असते.

"बरोबर हाये," वहिनी म्हणाली, "बाकीचे दोघं ढकलतीन."

आणि आम्ही ढकलली. सेमिनरी हिल्सच्या चढावरसुद्धा ढकलली.

* * *

मनोहरचा हात चांगला होता तेव्हाची गोष्ट. मी आणि मेश्रामनं मिळून क्लच बसवला आणि एक बोल्ट उरला. मी म्हणालो तुझा, तो म्हणाला तुझा. शब्दानं शब्द वाढला.

मेश्राम म्हणाला, "आमच्या खापरखेड्यात बोल्ट उरला असता तं अर्ध्या नागपूरचे पंखे बंद पडले असते."

मी म्हटलं, मग तिथंच जाऊन बस. पाना आपटला आणि चपला शोधायला लागलो.

शेवटी मनोहरनं नियम केला. ज्यानं जे उघडलं, त्यानंच ते बसवायचं. दुसऱ्यानं त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. म्हणजे काही उरलं तर कोणाचं हे विचारायलाच नको. आम्हाला तो फार शहाणा नियम वाटला. तो उरलेला बोल्ट माझाच निघाला, ते जाऊ द्या.

* * *

मे महिन्यात आमच्याकडे लोखंडाला हात लावायची सोय नसते. पाने आम्ही ओल्या गोणपाटाखाली ठेवायचो. मनोहरनं एके दिवशी हॉलमधला कूलर उचलून गॅरेजच्या दाराशी आणला आणि गाडीकडे तोंड करून लावला.

वहिनी म्हणाली, "मी स्वयंपाकघरात उकडून राहिली, अन् कूलर गाडीले?"

मनोहर वाकून कूलरमध्ये पाणी भरायला लागला. बायकोपुढे काय बोलायचं नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. वहिनीनं परात उचलली आणि गाडीशेजारी येऊन कणीक मळायला बसली. त्या उन्हाळ्यात आम्ही खाल्लेल्या पोळ्यांना पेट्रोलचा वास होता. कोणी तक्रार केली नाही.

* * *

निदान झाल्यावर कामाची पद्धत बदलली. गोळी घेतली की थोड्या वेळानं मनोहरचा हात शांत व्हायचा आणि तासाभरानं पुन्हा सुरू व्हायचा. मधला तेवढा वेळ त्याचा. तेवढ्या वेळात मी पाने हातात द्यायचो, मेश्राम उजेडाला बॅटरी धरायचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. इंजिन त्यानं उघडलेलं, म्हणून आमचा हात लागायचा प्रश्नच नव्हता.

नेमकी अशा वेळी वहिनीची आतेसासू लग्नाची पत्रिका घेऊन आली. वहिनीनं फाटकातच अडवलं आणि सांगून टाकलं, आत पूजा चालू आहे.

म्हातारी भाविक. चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ओसरीत हात जोडून बसली. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, मंत्र कसे ऐकू येत नाहीत?

"मौनातली पूजा हाये, आत्याबाई," वहिनी म्हणाली.

काम संपलं. वहिनीनं आत जाऊन वाटीत साखर आणली आणि आत्याबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावून खाल्ली. मग वहिनीनं आम्हालाही दिली. आम्ही काळ्या हातांनी घेतली, आणि खरं सांगतो, मला तो प्रसादच वाटला.

* * *

एका रविवारी गोळीनं काम केलं नाही. एक छोटा नट बसवायचा होता. मनोहर लावायला जायचा आणि तो निसटून खाली पडायचा. मी उचलून द्यायचो, तो पुन्हा पडायचा. मनोहरच्या मानेवरून घाम वाहत होता. मेश्रामला बघवेना. त्यानं हात पुढे केला.

"हात लावू नको, आनंद," मनोहर म्हणाला. "तो माझा हाये."

मेश्राम बाहेर निघून गेला. मनोहर जमिनीवर बसला. वहिनी पाणी घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "माझा हात माझं ऐकत नाही, वसू." ती त्याच्याजवळ खाली बसली.

मी मेश्रामला बोलवायला गेलो. तो कडुनिंबाखाली पाठ करून उभा होता. मलाही रडू फुटलं. आम्ही दोघंही लवकर आत जाऊ शकलो नाही. गेलो तेव्हा नट बसलेला होता.

* * *

आणि मग तो रविवार. मनोहरनं शेवटचा बोल्ट आवळला. काही उरलं नाही. किल्ली फिरवली. गाडी खोकली, पुन्हा खोकली, आणि सुरू झाली!

सुरू झाली, पण काय थरथरत होती! आरसे हलत होते, नंबरप्लेट वाजत होती, बाजूच्या बादलीतलं पाणी हलत होतं. मेश्रामनं कान दिला आणि म्हणाला, कार्बोरेटरचा एक स्क्रू थोडा फिरवला की गाडी एकदम गुमान उभी राहील. कार्बोरेटर त्यानंच उघडला होता, म्हणजे हक्क त्याचा. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला.

मनोहर गाडीतून उतरला. उजवा हात तो चारचौघांत खिशातच ठेवायचा. तो त्यानं बाहेर काढला आणि पंजा पसरून मडगार्डवर ठेवला. बराच वेळ हाताकडे बघत राहिला.

"राहू दे, आनंद."

"काहून गा?"

"आता समजत नाही, कोण हलून राहिलं ते."

मेश्रामनं स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. वहिनी पुढे आली आणि तिनं आपला हात मनोहरच्या हाताशेजारी ठेवला.

पेट्रोल संपेपर्यंत आम्ही कोणी गाडी बंद केली नाही.