खुराड्यातला धूप

बायको गेल्यावर घरात आवाज उरला तो तिच्या पाच कोंबड्यांचा. माझी तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथवर गेली, कोंबड्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी सासरी, सुरतेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नुकता निवृत्त झालो होतो आणि दिवसभरात माझ्याशी बोलायला कोणीही नसायचं. देवावरचा विश्वासही खरं तर डळमळला होता. सवय मात्र सुटली नाही. बायको रोज संध्याकाळी घरभर धूप फिरवायची. मी तो मागच्या अंगणातल्या खुराड्यापर्यंत नेऊ लागलो. तिनं लेकरांसारखी वाढवलेली ही पाखरं, त्यांनाही देवाचा धूप मिळावा, एवढंच मनात होतं. थंडी वाढली तसं खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट बांधलं, आणि धुपाटणं आत ठेवू लागलो.

मार्गशीर्षात एक कोंबडी शिंकली. मला आधी हसूच आलं. मग नाकातून पाणी येऊ लागलं, एकीचा डोळा सुजला. आठवड्यात दोन गेल्या. बायकोची सर्वांत लाडकी तांबडी मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घ्यायची आणि तिच्या गळ्यात घरघर व्हायची. बायकोच्या शेवटच्या दिवसांत मी तसाच आवाज ऐकला होता. शेजारी म्हणाले, "काका, साथ दिसतेय. उरलेल्या कापून टाका." मी इरेला पेटलो. कारखान्यात कधी पाळी चुकवली नव्हती, आता धुपाच्या दोन पाळ्या केल्या, सकाळी आणि संध्याकाळी, वर कडुनिंबाचा पाला.

तरी घरघर वाढतच गेली, तेव्हा पंचवटीत गेलो. रामकुंडाच्या पायरीवर बसून म्हणालो, एवढी एक तरी राहू दे. आणि रडलो. तिथे म्हातारा माणूस रडत बसला तर कोणाला नवल वाटत नाही, त्यामुळे कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठ तालुक्याकडची एक बाई केरसुण्या विकत दारावरून चालली होती. मी नको म्हणालो, पण ती थांबून कान देऊन ऐकत राहिली.

"बाबा, कोंबडी घोरती तुमची."

ती विचारल्याशिवाय मागे गेली आणि तिनं गोणपाट वर केलं. आतून धुराचा आणि ओल्या विष्ठेचा भपकारा आला. तिनं धुपाटणं बाहेर काढून ठेवलं.

"हे कोणी ठेवलं?"

"मीच. देवाचा धूप आहे."

"देवाला लाव ना मंग. हिला कशाला? हिला दमच घेता येत नाय. हवा लागंल असं कर, खालचं कोरडं ठेव. लय आजारी हाय ती, येगळी काढ आन् दवाखान्यात ने."

बोलता बोलता तिनं विकायच्याच एका केरसुणीनं खुराडं झाडून काढलं. केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, हे मला फार नंतर आठवलं. तेव्हा मी फक्त शरमेनं उभा होतो. ज्याला मी सेवा समजत होतो, त्यानंच तांबडीचा श्वास कोंडला होता.

तांबडीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं औषध दिलं, ठरलेले दिवस पुरे करायला सांगितलं, तोवर अंडी खायची नाहीत म्हणाले. सुजलेल्या डोळ्याच्या कोंबडीचा डोळा कोमट पाण्यानं पुसायला सांगितलं. आणि धुराबद्दल तेच बोलले. घरी येऊन गोणपाट फक्त वाऱ्याच्या बाजूला ठेवलं. धूप बंद केला. त्या संध्याकाळी हात रिकामे होते आणि फार एकटं वाटलं. देवाला म्हणालो, आता माझ्याकडे करण्यासारखं काही नाही, तूच बघ. इतक्या दिवसांत खरी प्रार्थना तेवढीच झाली असावी.

तिन्ही वाचल्या. तांबडीची घरघर सगळ्यात शेवटी थांबली.

उन्हाळ्यात ती बाई पुन्हा आली. मी हात जोडले तर म्हणाली, "कोणती कोंबडी, बाबा? केरसुणी पाहिजे का?" तिला काहीच आठवत नव्हतं. गरज नसताना मी दोन घेतल्या.

तिला देवानं पाठवलं का, मला माहीत नाही. मी त्याच्यासाठी काय काय करत होतो, आणि त्यानं माझ्याकडून एवढंच मागितलं की हात काढून घे. आता रोज सकाळी खुराडं उघडतो आणि बायको बोलवायची तसं "ये ये ये" म्हणतो. तिच्यानंतर ते शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. तांबडी सगळ्यांत आधी धावत येते.