देवलापारकडे, एका गैरहजेरीचं कारण शोधत

सरिता माझी एम.ए.ची विद्यार्थिनी, गोंड घरातली. गेले दहा दिवस वर्गात नव्हती, हजेरी भरली नाही, म्हणून तिचा परीक्षेचा अर्ज अडकला. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, ‘गावची पूजा’. त्यावर ‘अमान्य’ असा शेरा मीच मारला. पण पूजेला दहा दिवस लागतात तरी कशाला, हे काही डोक्यातून जाईना. रविवारी उठले आणि निघाले.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने देवलापारची एसटी धरायची. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता एकदम मख्खन. पुढे सरिताच्या गावापर्यंत ऑटोने अर्धा तास, ऐंशी रुपये. परतीची वेळ ऑटोवाल्याशी आधीच बोलून ठेवा. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी आंब्यांची पेटी घेतली होती.

तिच्या घरच्या अंगणात मी पेटी उघडली. सरिताच्या आईने पेटीवर हळूच फडकं टाकलं.

“मॅडम, नव्या आंब्याची पूजा झाल्याबिगर आम्ही आंबा तोंडाले लावत नाही,” सरिता म्हणाली. “त्याचाच दिवस आज ठरवून राहिले सारे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भुमक, म्हणजे गावचे पुजारी, खाटेवर बसले होते. “गावात मयत झाली बाई, म्हणून पूजा लांबली. हिचा बाप नाही. घरचा नैवेद्य हीच ठेवते. हिले सोडून कसं करावं?”

“पण तारीख आधी कळवता येत नाही का?”

“मयत कळवून येते का, बाई?” म्हातारबुवा हसले. मीही हसले, करते काय!

दोन तास मी तिथंच बसले. एकेका घराला विचारत विचारत परवाचा दिवस ठरला. घाई कोणालाच नव्हती.

सोमवारी मी माझाच शेरा खोडला. “प्रमाणपत्र कुठंय?” विभागप्रमुखांनी विचारलं. “मी पाहून आले सर, मीच लिहून देते.” सही झाली. स्वतःवर भलतीच खूश होऊन मी सरिताला फोन लावला.

“थँक्यू मॅडम,” ती म्हणाली. “एक विचारू? दिवाळीले गावी जाणाऱ्या पोरींच्या घरी कोणी पाहाले जाते का?”

मला फार लाज वाटली. मंगळवारी विभागाच्या बैठकीत तोच प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला.