कमरेवरची गोचीड

प्रमोदिनी साळवे गुरांची डॉक्टर. माहेर नगरचं. नवरा अविनाश केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून लग्नानंतर तीही दिल्लीत आली आणि पशुवैद्यक म्हणून सरकारी सेवेत लागली. मारकी म्हैस असो की पिसाळलेलं कुत्रं, ती कधी डगमगली नाही. ‘आमची सून वाघिणीलाही इंजेक्शन देईल,’ असं सासूबाई चर्चमधल्या बायकांना कौतुकानं सांगायच्या.

त्या वर्षाच्या सुरुवातीला गुजरातेत एका नव्याच तापानं माणसं दगावली. गोचिडींतून पसरणारा ताप. जनावराला काही होत नाही, ते खुशाल रवंथ करत बसतं. माणसाच्या मात्र हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागतं. रोग्याच्या रक्ताला हात लागला तरी दुसऱ्याला होतो. उपचार करणारेही त्यात गेले होते. पावसाळा सरता सरता बाहेरून येणाऱ्या कळपांवरच्या गोचिडी तपासायचं काम प्रमोदिनीकडे आलं.

नजफगढच्या पुढे माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. हातमोजे घालून, चिमट्यानं एकेक गोचीड उपटून ती बाटलीत टाकत होती. एक म्हातारी मेंढीच्या कानामागची गोचीड नखावर चिरडायला निघाली, तशी प्रमोदिनी ओरडली, “अम्मा, हाथ से बिल्कुल नहीं! इसके खून में बुखार होता है.”

त्याच दिवशी संध्याकाळी न्हाणीघरात कमरेवर काहीतरी हाताला लागलं. तीळ असेल, असं आधी वाटलं. मग तो तीळ हलला.

पुढचं तिला नीट आठवत नाही. चिमटा शेजारच्या खोलीत, बॅगेत होता. पण तिनं नुसत्या बोटांनी ती खेचली, आणि गोचीड बोटांतच फुटली. लालभडक बोटांकडे ती पाहत राहिली. मग साबण घेऊन कातडी सोलवटेपर्यंत हात घासले.

“अविनाश,” तिनं दाराआडून हाक मारली, “वृंदाला आईंच्या खोलीत ने. माझ्याजवळ कुणी यायचं नाही.”

“अगं, झालं काय?”

तिनं सांगितलं. तो वृंदाला उचलून आईंच्या खोलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अजून तपासण्यासारखं काही नाही; ताप आला तर तडक या. तेव्हापासून ती मागच्या खोलीत एकटी राहू लागली. जेवणाचं ताट दाराशी ठेवलं जाई. थर्मामीटर सारखा जिभेखाली. आरशासमोर ओठ उलटवून हिरड्या बघायच्या. दारापलीकडून चार वर्षांची लेक वृंदा विचारायची, “मम्मा, तू कट्टी आहेस का?” प्रमोदिनी उशीत तोंड खुपसून रडायची.

आणि एका दुपारी खरंच ताप भरला. हाडं ठणकू लागली. रुग्णालयात नेलं, तर रक्तातल्या प्लेटलेट्स घसरलेल्या. तिनं गोचिडीचं सांगितलं मात्र, नर्सचा हात जागच्या जागी थांबला. तिला वेगळ्या खोलीत हलवलं. आत येणारा प्रत्येक जण नखशिखांत झाकलेला. नुसते डोळे दिसत, आणि त्या डोळ्यांत भीती. रक्त तपासणीला पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत गेलं. सकाळी दात घासताना थुंकीत लाल रेघ आली, तेव्हा तिनं अविनाशला फोन लावला.

“मला काही झालं तर शवपेटी उघडू नका. आईंनाही तोंड बघू देऊ नकोस.”

“गप्प बस,” तो म्हणाला.

पुण्याचा निरोप आला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदाच चेहऱ्यावरचं आवरण काढून आत आले. “गोचिडीचा ताप नाही. डेंग्यू आहे.”

एरवी डेंग्यू म्हटलं की सगळ्या दिल्लीच्या पोटात गोळा येतो. अविनाश मात्र कॉरिडॉरमध्ये मटकन बसला आणि ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला. मच्छर कधी चावला, कुणाला ठाऊक!

महिन्याभरानं ती कामावर परतली. अशक्तपणा होताच. वरिष्ठ म्हणाले, हवं तर टेबलावरचं काम घ्या. तिनं नकारार्थी मान हलवली. गाझियाबादजवळच्या एका गोठ्यात तिनं हातमोजे चढवले, विजारीचे पाय मोज्यांत खोचले आणि म्हशीच्या कासेशी वाकली. तिथे गोचिडींचा घोसच लटकत होता. तिनं चिमटा पुढे नेला आणि तसाच मागे घेतला.

“डॉक्टरनी, ठीक हो?” गोठेवाल्यानं विचारलं.

“रुको जरा,” ती म्हणाली. डावा हात तिनं म्हशीच्या पाठीवर टेकवला आणि पहिली गोचीड उपटली.