बाईंच्या ट्रेलरची दोन बुचं

दौऱ्यावर निघताना लोक देवाला नमस्कार करतात. आमच्या डॉक्टर घाटेबाई आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते सांगायच्या. जीप दारात उभी, हमीदमियाँ स्टिअरिंगवर, मी औषधांची पेटी घेऊन ताटकळत, आणि बाई पदर खोचून बोटांवर मोजत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "सिंधू, आज मला तीन गोष्टींची भीती वाटते. एक, ट्रेलरच्या साखळीची कडी झिजलीय. दोन, हमीदचे डोळे लाल दिसताहेत. तीन, दुपारी आभाळ येणार." मग कडी बदलली जायची, हमीदमियाँना चहा पाजून अर्धा तास सक्तीनं झोपवलं जायचं, ताडपत्री बांधली जायची, आणि मगच आम्ही निघायचो. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असलं तरी बाईंना त्याचं काही नसे.

"भ्यायचं ते आधी भिऊन घ्यावं बाप्पा," त्या म्हणायच्या. "ऐन वेळी सवड नसते."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, नर्सिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली. मला पाण्याची भीती होती, जंगलाची होती, परक्या माणसांची होती, पालीचीसुद्धा होती. पण मी कुणाला ते कळू देत नव्हते. एवढी शिकलेली डॉक्टरीण 'मला भीती वाटते' हे 'मला भूक लागली' म्हटल्यासारखं कसं सांगू शकते, याचं मला नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली. कचेऱ्या फायलींसकट उठल्या आणि वाटणीत काही माणसं भोपाळच्या वाट्याला आली. त्यांत बाई आणि मी. बायकामुलांच्या आरोग्याचा फिरता दवाखाना आमच्याकडे होता. आज मी कोलार रोडवर चौथ्या मजल्यावर राहते, खाली भाजीवाल्यांच्या गाड्या आणि शाळेच्या बसेस. त्या काळी या बाजूला दिवसासुद्धा कुणी एकटं फिरकत नसे. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण गॅलरीत उभी राहिले की मला हाच रस्ता कच्चा आणि चिखलाचा दिसतो.

ट्रेलर घ्यायचं कारणही भीतीच. एका डाक बंगल्यात आम्हांला जी खोली मिळाली तिला आतून कडीच नव्हती. चौकीदार म्हणाला, "यहाँ कौन आता है, बाई साब?" बाई म्हणाल्या, "तेच तर मला कळत नाही ना." आम्ही दोघींनी पलंग ओढून दाराला लावला आणि त्यावर बसून राहिलो. परत आल्यावर बाईंनी जाहीर केलं, "आतून कडी लागेल असं घर पाहिजे, आणि ते जीपच्या मागं कुठंही आलं पाहिजे. तंबूला कडी नसते."

बैरागडच्या बाजूला एका कबाड्याकडे महायुद्धानंतर लष्करानं विकून टाकलेलं सामान होतं. त्यात जीपमागं जोडायचे दोन चाकी ट्रेलर होते, सातआठ तरी असतील. कबाड्यानं ताजा हिरवा रंग फासलेला एक पुढं काढला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पदर डोक्यावरून घेऊन एकेका ट्रेलरखाली शिरल्या, हातोडीनं आस ठोकून बघितला, जीपचं जादा चाक सोडवून आणून कुठल्या ट्रेलरला बसतं ते पाहिलं. "एकच जादा चाक दोघांना चाललं पाहिजे. जंगलात दुसरं कोण देणार?" शेवटी पोचे पडलेला, सगळ्यांत कुरूप असा एक त्यांनी निवडला, कारण त्याची जोडणीची कडी झिजलेली नव्हती.

कबाड्याला आपला माल विकला जातोय हे पाहून जोर चढला. "डाक्टरनी साब, मैं के रिया हूँ न, ये गाड़ी नईं है, नाव है नाव! गोरों का माल है। पानी में छोड़ दो, तैरेगी।"

"तरंगतो?" बाईंचा चेहरा पडला. "मग न तरंगायला काय करायचं?"

असा प्रश्न कबाड्याला कुणी गिऱ्हाइकानं विचारला नसावा. मग त्यानं ट्रेलरच्या तळाशी असलेली पितळेची दोन बुचं दाखवली. ती लावली की ट्रेलर होडीसारखा बंद, काढली की पाणी आत शिरणार. बाईंनी ती चारदा काढूनघालून पाहिली. घरी येताना मला समजावलं, "नदी ओलांडताना हा तरंगला की प्रवाह त्याला ओढणार, आणि तो आपल्या जीपला. आत पाणी शिरलं की जड होऊन जमिनीवर बसेल. सामान भिजलं तर वाळवता येतं. म्हणून उताराआधी बुचं काढायची. ते काम तुझं."

सुतारानं त्यावर लाकडी पेटी चढवली, पत्र्याचं छप्पर घातलं, मागं बुटकं दार आणि दाराला आतून जाडजूड कडी. आत दोघी कुशीवर झोपलो तर मावायचो, पायांशी डबाबंद औषधं. पहिल्यांदा ती कडी लावल्यावर बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी ती तीनदा उघडून पुन्हा लावली.

नद्यांवर पूल कमी होते. जिथं होते तिथं रपटे, म्हणजे पात्रातच बांधलेली बुटकी फरशी. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहायचं. काठावर जीप थांबायची, बाई पुढं बसूनच विचारायच्या, "बुचं काढलीस?" मी म्हणायची, "काढली." त्या कधी मागं येऊन बघायच्या नाहीत. साखळी, हमीदमियाँचे डोळे, आभाळ, सगळं स्वतः तपासणारी बाई माझ्या एका शब्दावर पाण्यात जीप घालू देत होती. तेव्हा मला त्याची किंमत कळली नव्हती.

पहिल्या पावसाळ्यातच एका मुक्कामी मी अंथरूण झटकलं आणि त्यातून विंचू पडला. काळा, बोटाएवढा. तो कुठून आला ते मला दिसलं. आत शिरलेलं पाणी निथळावं म्हणून बुचाचं भोक रात्रीही उघडंच होतं. बाईंना मी काहीच बोलले नाही. नर्स होऊन विंचवाला भिते, असं त्या म्हणतील ही एक भीती, आणि विंचवाची दुसरी. त्यानंतर ओल्या अंथरुणात मी पाय जवळ घेऊन पडायची आणि त्या दोन भोकांवर कान ठेवायची. शेवटी भादव्यात, मुक्काम संपवून परतताना, मी बुचं घट्ट बसवली आणि ठरवलं की आता काढायची नाहीत.

कोलार नदीवर आलो तेव्हा दुपार होती. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, पाणी गढूळ होतं आणि रपट्यावरून गुडघ्याच्या वर जात होतं. हमीदमियाँ म्हणाले, "निकल जाएँगे, मगर अभी। घंटे भर में और चढ़ेगा।"

"बुचं काढलीस?" बाईंनी विचारलं.

"काढली," मी म्हणाले.

निम्म्यापर्यंत काही झालं नाही. मग मागून कुणी हळूच ढकलावं तशी जीप तिरकी झाली. मी मागं वळून पाहिलं. ट्रेलर फरशीवरून उचलला गेला होता आणि शेपटासारखा प्रवाहाकडे फिरत होता. जीपचं मागचं चाक फरशीच्या कडेकडे घसरलं. हमीदमियाँ ओरडले, "खींच रिया है, डाक्टरनी साब! खींच रिया है!" मला ठाऊक होतं ना, काय ओढतंय आणि का.

बाई वरच्या अंगानं पाण्यात उतरल्या. जीपला धरून मागं गेल्या. त्यांनी साखळ्या सोडवल्या, पण जोडणीचा आकडा ताणामुळे उघडेना. "हमीद, पीछे लो! एक बालिश्त!" मागं म्हणजे कडेकडेच. हमीदमियाँ रडवेले होऊन कलमा म्हणत होते, पण त्यांनी वीतभर मागं घेतली. आकडा उघडला. ट्रेलर सुटला आणि कबाड्यानं सांगितल्याप्रमाणे खरोखरच नावेसारखा डौलात निघून गेला. बाई कशाबशा आत चढल्या. पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्यांनी ओल्या पदरानं चष्मा पुसायला घेतला, पण तो पुसला जाईना. मी पुसून दिला.

दोन मैल खाली झाडांच्या जाळीत ट्रेलर अडकलेला सापडला. गावकऱ्यांनी बैल लावून बाहेर ओढला. बाईंनी दार उघडलं. आत सगळं जिथल्या तिथं. कापसाचं भेंडोळं कोरडं, अंथरूण कोरडं, फळीवर अंथरलेला वर्तमानपत्राचा कागदसुद्धा कोरडा. हमीदमियाँ आनंदानं ओरडले, "अल्ला का करम है! एक बूँद नईं गई अंदर!"

बाई खाली वाकल्या, ट्रेलरखाली हात घालून चाचपलं आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता फाडकन मुस्कटात बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "चला, आज अंथरूण कोरडं आहे."

पुढच्या दौऱ्याच्या सकाळी त्यांनी बोटांवर मोजलं नाही. "आज मला एकाच गोष्टीची भीती वाटते," म्हणाल्या, आणि ती कुठली हे सांगितलं नाही. नदीच्या काठावर त्या स्वतः उतरल्या, चिखलात गुडघे टेकले आणि बुचं आपल्या हातांनी काढली. त्या दिवसापासून प्रत्येक उताराला तेच. मला त्या रागावल्या नाहीत, माझी बदली मागितली नाही, जेवताना माझ्या ताटात आधी वाढायच्या. फक्त तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. मी रोज भीत होते की आज त्या विषय काढतील, आणि रोज भीत होते की आजही काढणार नाहीत.

असं जवळजवळ वर्ष गेलं. पुढच्या आषाढात कोलारच्याच काठावर बाई खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. गुडघे कधीच कुरकुरू लागले होते. मी हात दिला. तो धरून त्या उठत होत्या आणि मी एकदम म्हणाले, "बाई, मला विंचवाची भीती वाटते."

त्या पुन्हा खाली बसल्या. मी तशीच उभी राहून सगळं सांगितलं. विंचू, भोक, खोटं बोलले ते, सगळं. बोलता बोलता मला रडू आलं.

"कधीपासून वाटते?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मला वाटलं, तुला माझी भीती वाटते." त्यांनी चिखलाचा हात पदराला पुसला. "अगं, मलाही विंचवाची वाटते. मी तर रोज उशी झटकते, तू पाहिलं नाहीस? एका शब्दानं बोलायचं होतंस बाई. वीतभर जाळी लागली असती."

त्या दिवशी आम्ही नदी ओलांडलीच नाही. उलट फिरलो, भोपाळात चौकातल्या भांड्यांना डाग देणाऱ्या एका कारागिराकडून दोन्ही भोकांवर बारीक तारेची जाळी बसवून घेतली. पाणी शिरेल, विंचू शिरणार नाही. हमीदमियाँना वाटलं, डाक्टरनी साब सठिया गई, एवढ्यासाठी चाळीस मैल मागं आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बोटं पुढं केली. "आज मला दोन गोष्टींची भीती वाटते. आणि तुला गं?"

"एकाच गोष्टीची," मी म्हणाले. "पाण्याची."

"बरं. तीन झाल्या."

कोलारच्या काठावर जीप थांबली. पाणी तसंच गढूळ होतं. मी उतरून मागं गेले, काम केलं, पुढं आले. बाई आपल्या जागेवरच होत्या. समोर पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बुचं काढलीस?"

"काढली," मी म्हणाले.

"चलो, हमीद."

मी म्हणाले, "एक मिनिट, बाई." परत मागं गेले, चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही भोकांच्या जाळीला बोट लावून पाहिलं. मग येऊन बसले. बाईंनी माझा हात धरला, आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.